बेळगावातून जर्मनीत: पहिलं वर्ष कसं मांडायचं

उद्यमबागेच्या कारखान्यांत सीएनसी यंत्रावर चार-पाच वर्षं काढलेली, व्हीटीयूची म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची डिग्री घेतलेली किंवा नर्सिंग करून बी-टूपर्यंत, म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत, जर्मन रेटलेली मुलं-मुली सध्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडून जर्मनीला निघालीत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. कॉलेज कुठलं घ्यायचं, नोकरी कशी लावायची हे यात नाही, ते सांगणारे एजंट गल्लोगल्ली बसलेत. कागद जमवण्यापासून पहिला हिवाळा निघेपर्यंत काय करायचं आणि तिथं माणसं कशी जोडायची, एवढंच सांगतो.

एक मत आधीच मांडून ठेवतो. सीमाभागात वाढलेल्या माणसाला आपल्या भाषेत नसलेल्या कचेरीत जाऊन काम करून आणायची सवय लहानपणापासून असते. घरात मराठी, तहसीलला कन्नड, बाजारात दोन्ही आणि वर हिंदी. पुण्या-मुंबईच्या मुलांना हे तिथं गेल्यावर शिकावं लागतं. आपल्याला येतं, आणि तरी विमानात बसताना आपण ते इथंच ठेवून जातो.

निघण्याआधी: कागदांवरची नावं

सगळ्यात जास्त डोकेदुखी नावांची. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्यामुळं एकाच माणसाच्या जुन्या दाखल्यावर जन्मगाव ‘बेलगाम’ आणि नव्यावर ‘बेलगावी’ असं इंग्रजीत येतं. जर्मन कारकुनाला ही दोन वेगळी गावं वाटतात, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून पासपोर्टवर जे स्पेलिंग असेल तेच प्रत्येक अर्जात घाला आणि नामांतराच्या अधिसूचनेची एक प्रत फाइलला लावून ठेवा.

माणसाच्या नावाचंही तेच. मार्क्स कार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी आणि वडिलांचं नाव आपल्या नावाला चिकटलेलं, असे प्रकार आपल्याकडं सर्रास. पासपोर्टवर आडनाव रिकामं असेल तर निघण्याआधी दुरुस्त करून घ्या. जर्मनीत बँकेपासून पत्रपेटीपर्यंत सगळं आडनावावर चालतं.

व्हिसाचा अर्ज पत्त्याप्रमाणं जातो. कर्नाटकातला पत्ता म्हणजे बेंगळुरूची जर्मन वकिलात. निपाणीचा मुलगा बेंगळुरूच्या हद्दीत आणि कोल्हापूरचा त्याचा मामेभाऊ मुंबईच्या, असं होतं. भावानं काय केलं ते ऐका जरूर, पण त्याची कागदांची यादी तशीच उचलू नका. शिकायला जाणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचा, म्हणजे इथली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा, दाखलाही लागतो. त्यासाठी मार्क्स कार्डं आणि ट्रान्सस्क्रिप्ट वेळेत काढा. व्हीटीयूवाल्यांचं मुख्य ठाणं गावातच आहे, बाकीचे जिल्हे त्यासाठी बेळगावची वारी करतात. बीएस्सी, बीकॉमवाल्यांनी आपली डिग्री राणी चन्नम्मा विद्यापीठाची की आधीची धारवाडची, ते एकदा पाहून घ्यावं. चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये झालं, त्यामुळं घरातल्या थोरल्याची आणि धाकट्याची धाव वेगवेगळ्या दिशेला असू शकते.

विद्यार्थ्यांना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. हे पैसे आपलेच असतात, पण तिथं गेल्यावर हप्त्याहप्त्यानं हातात येतात. म्युनिकसारख्या शहरात एवढ्यात महिना काढणं अवघड, लहान गावात जमतं. आयटीआय किंवा डिप्लोमावर जाणाऱ्यांनी आपलं शिक्षण तिथं कुठल्या धंद्याच्या बरोबरीचं धरतात हे न्यूरेंबर्गच्या आयएचके फोसा या संस्थेकडून आधी तपासून घ्यावं. नर्सेसची मान्यता राज्याराज्याची वेगळी असते, ती बहुतेक वेळा घेणारं हॉस्पिटल बघतं.

आता बॅग. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे कुंदा गेला. पेढे गेले, आजीनं कढवलेलं तूप गेलं. ताजा कढीपत्ता आणि हापूसही नाही, त्यांना वनस्पती तपासणीचा दाखला लागतो. गंमत म्हणजे नारळाला सूट आहे. चटणी, कांदा-लसूण मसाला, चिवडा, मेतकूट बिनधास्त भरा. विमानतळावर सगळ्यांचीच बॅग उघडत नाहीत हे खरं, पण ज्याची उघडतात त्याचा कुंदा कस्टमवाल्यांच्या कचऱ्यात जातो आणि वर दंड बसू शकतो. खवा आटवायला शिकून जा. दूध तिथं चांगलं मिळतं आणि तासभर ढवळायला थंडीत बरं वाटतं.

पहिले चौदा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. तिला अनमेल्डुंग म्हणतात. घरमालकानं सही केलेला एक कागद लागतो, भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. मोठ्या शहरात या कामाची अपॉइंटमेंट आठवडेच्या आठवडे मिळत नाही, म्हणून भारतात असतानाच पालिकेच्या साइटवर तारीख धरून ठेवा. घर घेताना मालकाला एवढं एकच विचारा: नोंदणीचा कागद देणार का? ‘बघू’ म्हणाला तर ते घर सोडा. या नोंदीवर टॅक्स नंबर, पगार, पुष्कळदा बँक, पुढं व्हिसाची मुदतवाढ, सगळं अडतं.

टॅक्स नंबर पोस्टानं येतो. इथं आपली मुलं हमखास अडकतात. जर्मनीत इमारतीला नंबर असतो, फ्लॅटला बहुतेक नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो आणि नाव नसेल तर परत नेतो. आपल्याकडं ‘अमुक गल्ली, मारुती देवळामागं’ एवढ्यावर पत्र पोचतं, कारण पोस्टमन आजोबांनाही ओळखत असतो. तिथं पहिल्याच संध्याकाळी पांढऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात आडनाव लिहून पेटीवर आणि बेलवर चिकटवा. दोघं-तिघं मिळून राहत असाल तर सगळ्यांची आडनावं. परदेशी लोकांच्या परवाना कार्यालयाची पत्रंसुद्धा याच पेटीत पडतात, आणि त्यात उत्तराची मुदत दिलेली असते. रोज पेटी उघडायची.

आरोग्य विमा सक्तीचा आहे. नोकरी असेल तर सरकारी विमा कंपनी निवडून तिचं नाव ऑफिसला कळवायचं, हप्ता पगारातून जातो. विद्यार्थ्यांना तिशीपर्यंत स्वस्त दर आहे. त्याखेरीज हाफ्टफ्लिश्ट नावाचा एक विमा असतो. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरतो. सक्ती नाही, वर्षाचा हप्ता किरकोळ आहे, तरी घ्या. घरमालकही त्याची चौकशी करतात.

दर घरामागं रेडिओ-टीव्हीची महिना १८.३६ युरो वर्गणी येते, टीव्ही असो वा नसो. हे पत्र फसवणुकीचं समजून फेकून देऊ नका. देशभरच्या लोकल गाड्या-बसना चालणारा महिन्याचा पास २०२३ मध्ये ४९ युरोला निघाला, २०२५ मध्ये ५८ झाला आणि २०२६ पासून ६३. तो आपोआप पुढच्या महिन्यात चालू राहतो. बंद करायचा तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवायचं. रुग्णवाहिकेसाठी ११२, पोलिसांसाठी ११०, आणि रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा पण जिवावरचं नसेल तर ११६११७. हे तीन नंबर फोनमध्ये आत्ताच टाका.

घर आणि जिना

भाडं दोन प्रकारे सांगतात. ‘थंड’ भाडं म्हणजे नुसत्या घराचं, आणि पाणी-हीटिंगसकट भाडं. जाहिरातीतला मोठा आकडा कुठला ते विचारा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा कायद्यानं हक्क आहे. घर न बघता, चावी न घेता कुणी पैसे मागितले तर ती फसवणूक. आणि एक चकित करणारी गोष्ट: पुष्कळ घरांत स्वयंपाकघर नसतंच. जाणारा भाडेकरू ओटा, कपाटं, सिंक सगळं उचलून नेतो आणि तुम्हाला भिंतीतून बाहेर आलेल्या दोन नळ्या दिसतात.

हिवाळ्यात फोडणी करून खिडकी बंद ठेवली की भिंतीला बुरशी धरते, आणि ती अनामतीतून कापली जाते. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, मग हीटिंग. बाहेर शून्याखाली असलं तरी. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारी दिवसभर ड्रिलिंग वगैरे बंद. कुकरच्या शिट्टीला कुणी काही म्हणत नाही. इडलीचं पीठ मात्र शनिवारीच वाटून ठेवा. रविवारी दुकानंही बंद असतात, त्यामुळं कोथिंबीर विसरलात तर सोमवारपर्यंत विसरा.

श्टुटगार्टच्या बाजूला, म्हणजे आपल्या यंत्रवाल्यांच्या नोकऱ्या जिथं जास्त आहेत त्या श्वाबेन भागात, जिन्याची पाळी असते. तिला केअरवोखं म्हणतात. एक छोटी पाटी आठवड्याला एकेका घराच्या दारावर लटकते. ती आपल्या दारावर आली की जिना झाडायचा, पुसायचा, कठडा पुसायचा, पुढच्या फरशीवरची पानं काढायची, आणि आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. आपली इंजिनिअर मंडळी हे काम टाळतात किंवा पाणी ओतून मोकळी होतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी पहिले काही महिने माझ्या ‘गुटन टाग’ला नुसती मान हलवायच्या. एका शनिवारी मी कठड्याच्या सळ्यांमधली धूळ ओल्या फडक्यानं एकेक सळी धरून पुसत होतो. त्या दार उघडून उभ्या राहिल्या, बघितलं, आत गेल्या आणि तळघराचा कचरा कुठल्या डब्यात कुठल्या वारी जातो त्याचा हातानं लिहिलेला कागद घेऊन आल्या. त्यानंतर माझी पार्सलं त्याच घेऊन ठेवू लागल्या. जिना हा शेजाराचा दरवाजा आहे, असं मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. राहायला गेल्यावर वरखालच्या बेल वाजवून नाव सांगून या, हातात काहीतरी गोड असलं तर उत्तम.

माणसं जोडणं

यंत्रांच्या नोकऱ्या बऱ्याचदा पंधरा-वीस हजार वस्तीच्या गावात असतात. मराठी मंडळ मोठ्या शहरात, तासाभराच्या ट्रेनच्या अंतरावर. म्हणून तीन ठिकाणी पाय रोवायचे, आणि तिन्ही पहिल्या सहा महिन्यांत.

पहिलं मराठी मंडळ. तिथं बहुतेक मंडळी पुण्या-मुंबईची, नाशिक-नागपूरची. ‘तुम्ही कर्नाटकातले, मग मराठी इतकं चांगलं कसं?’ हा प्रश्न पहिल्याच जेवणात येणार. रागावू नका, विचारणाऱ्याला खरंच माहीत नसतं. ‘घरची भाषा मराठीच, शाळाही मराठी’ एवढं उत्तर पुरे. त्याच पंगतीत सीमाप्रश्न सुरू करू नका. १९५६ पासूनचा विषय आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्या संध्याकाळी श्रीखंड संपायच्या आत सुटणार नाही. आपल्या बोलण्याला कुणी हसलं तर हसू द्या, चार महिन्यांत तीच मंडळी ‘काय गा’ म्हणायला लागतात. शिवजयंती मंडळात १९ फेब्रुवारीला होईल. आपल्याकडची वैशाख शुद्ध द्वितीयेची, रात्रभर चित्ररथ बघण्याची सवय तिथं कुणाला ठाऊक नसते. फोटो दाखवा, फार खूश होतात.

मंडळात पाहुणा म्हणून जाऊन बसलात तर वर्षभर पाहुणेच राहाल. कार्यक्रमाच्या दोन तास आधी पोचा आणि खुर्च्या लावायला घ्या. गल्लीच्या मंडळात वर्गणीचं पुस्तक घेऊन फिरलेल्या, मांडव बांधलेल्या पोराला हे सांगायला नको खरं तर. भांडी घासताना जी ओळख होते ती स्टेजसमोर बसून होत नाही. भाड्याची खोली, जुनी सायकल, चांगला डॉक्टर, सगळं याच ओळखीतून मिळतं.

दुसरं, कन्नड कूट म्हणजे कन्नड लोकांचं मंडळ. आपली मुलं तिकडं फिरकत नाहीत आणि मला ते पटत नाही. तुम्हाला कन्नड येतं, हुबळी-धारवाडची आणि तुमची भाकरी एक, झुणका एक, शेंगदाण्याची चटणी एक. व्हीटीयूचे वर्गमित्र तिथंच सापडतात. बेंगळुरूच्या वकिलातीचा, कर्नाटकातल्या दाखल्यांचा अनुभव त्यांच्याकडं आहे, पुणेकरांकडं नाही. १ नोव्हेंबर आला की पेच पडतो. त्यांचा राज्योत्सव आणि आपल्याकडं काळा दिवस. त्या दिवशी जायचं की नाही हे ज्यानं त्यानं आपल्या मनाशी ठरवावं. युगादीच्या जेवणाला मात्र जाच, पाडवा आपलाही असतो.

तिसरं, गावातला जर्मन फेराइन. क्लब म्हणा, मंडळ म्हणा. देशात सहा लाखांहून जास्त नोंदणीकृत फेराइन आहेत: फुटबॉल, गाणं, डोंगर चढणं, मधमाशा पाळणं, काहीही. वर्गणी थोडी असते. ऑफिसातले जर्मन ऑफिसपुरते, आणि त्यात गैर काही नाही. दोस्ती फेराइनमध्ये होते, आणि तीही सावकाश, कारण ते दर मंगळवारी साडेसातला न चुकता येणाऱ्यालाच मोजतात. लहान गावातला अग्निशमन बंब स्वयंसेवकच चालवतात. हातात वेल्डिंग, फिटिंगचं काम असलेल्या आपल्या पोरांनी तिथं जरूर चौकशी करावी, भाषा थोडी आली की घेतात. क्रिकेट खेळणारे भारतीय, पाकिस्तानी, अफगाण, श्रीलंकेचे लोक बऱ्याच शहरांत असतात, तो चौथा मार्ग.

आजूबाजूच्या गावांत आठ-दहा मराठी घरं झाली की स्वतःचं मंडळ काढावंसं वाटतं. काढा. नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात, घटना लिहून घ्यावी लागते आणि नोंद कोर्टात होते. नोंदणी नसली तरी गणपती बसवता येतो, पण पालिकेचा हॉल, बँक खातं हे नोंदणीनंतर सोपं जातं. हॉलमध्ये सार्वजनिक कार्यक्रम करून गाणी वाजवणार असाल तर गेमा या संस्थेला आधी कळवून फी भरायची. मिरवणुकीला पालिकेची परवानगी. नदीत, तळ्यात विसर्जन परस्पर करायचं नाही. शाडूची लहान मूर्ती आणा आणि बादलीत विसर्जन करा. ती माती कुंडीत घाला.

मंडळ फुटतं ते बहुधा हिशेबावरून. पहिल्या वर्षापासून खर्चाचा कागद सगळ्यांना पाठवा. खजिनदार दरवर्षी बदला. अध्यक्ष नाही बदलला तरी चालेल.

भाषा, गाडी, हिवाळा

निघण्याआधी ए-टू तरी करा. परीक्षेला पुणे किंवा बेंगळुरू गाठावं लागतं. तिथं गेल्यावर फोल्क्सहोखशूलं म्हणजे लोकशाळेत संध्याकाळचे स्वस्त वर्ग असतात. कंपनीत इंग्रजी चालतं म्हणून थांबू नका. ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर आलेल्याला, बी-वन असेल तर २१ महिन्यांत कायमचा राहण्याचा परवाना मिळू शकतो, नुसत्या ए-वनवर २७ महिने. श्वाबेन लोकांची बोली वर्गातल्या जर्मनसारखी अजिबात नसते. शहरातली कन्नड येणाऱ्याला गोकाकच्या बाजारात पहिल्या दिवशी जसं होतं तसं होतं, कान बसेपर्यंत.

आपल्या लायसन्सवर सहा महिने गाडी चालवता येते. पुढं लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सक्तीचे तास नाहीत, पण चार-पाच घ्याच, उजवीकडून चालवायचं असतं आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं असतं.

नोव्हेंबर-डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. मन खाली जातं, सगळ्यांचंच. त्या दोन महिन्यांत शनिवार-रविवार घरात एकटं काढू नका, फेराइनचा मंगळवार चुकवू नका, आणि झोप-भूक बिघडून दोन-तीन आठवडे झाले तर डॉक्टरला सांगा. विम्यात बसतं.

मागं राहिलेलं

निघण्याआधी इथली दोन कामं उरका. बँकेतलं बचत खातं एनआरओ म्हणजे अनिवासी भारतीयाचं करून घ्या, परदेशी राहणाऱ्याला साधं खातं ठेवता येत नाही. आणि शेताच्या उताऱ्यावर किंवा घराच्या कागदावर नाव असेल तर वाटणी, कर्ज, पीक नुकसानीची कामं अडू नयेत म्हणून भरवशाच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र इथंच करून जा. तिथून करायचं तर भारतीय वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करावी लागते आणि मग ते कागद इथं पुन्हा दाखल करावे लागतात. मुखत्यारपत्रात नेमकं कुठल्या कामाचा अधिकार दिलाय ते लिहा. ‘सर्व अधिकार’ असं मोघम लिहायचा आग्रह कुणी धरला, मग तो काका असो की भाऊ, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

वेळेतला फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. तुम्ही कामावरून सहाला आलात की बेळगावात रात्रीचे साडेनऊ-साडेदहा वाजलेले असतात आणि बाबा झोपलेले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावा, घरी चहाची वेळ झालेली असते.